निविदा भरावी की सोडावी : बेळगावच्या शाखेने ठरवायचे कसे?

मुख्य कार्यालय पुण्यात किंवा कोल्हापुरात आणि शाखा बेळगावात, अशी रचना असलेल्या बांधकाम कंपनीने सरकारी निविदेचा विचार दर काढण्यापासून सुरू करू नये. दर काढण्यात बरेच दिवस जातात आणि एवढी मेहनत झाल्यावर निविदा सोडून देणे सर्वांच्याच जिवावर येते. म्हणून कर्नाटक सार्वजनिक खरेदी पोर्टलवरून कागदपत्रे उतरवून घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरायचे की नाही, हे ठरवावे.

सर्वप्रथम पात्रता पाहावी. कर्नाटकातील ठेकेदार-नोंदणीचा कोणता वर्ग मागितला आहे आणि महाराष्ट्रातील नोंदणी चालते का, हे स्पष्ट नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे. त्यानंतर बिड कपॅसिटी, म्हणजे कंपनी आणखी किती रकमेचे काम घेऊ शकते ती मर्यादा, काढावी, कारण शाखांची फसगत बहुधा येथेच होते. मोठ्या बांधकामांच्या निविदांत साधारणपणे गेल्या पाच वर्षांतील सर्वाधिक वार्षिक उलाढालीला कामाच्या मुदतीची वर्षे आणि 1.5 यांनी गुणतात व त्यातून हातातील कामांची त्या मुदतीत पूर्ण करावयाची रक्कम वजा करतात. समजा, उलाढाल 8 कोटी आणि मुदत 18 महिने असेल, तर गुणाकार 18 कोटी येतो. हातातील कामे 11 कोटींची असतील तर शिल्लक 7 कोटीच राहतात. अशा वेळी 9 कोटींच्या कामाचा नाद सोडावा, मग बेळगावातील अभियंते रिकामे का बसलेले असेनात. वजावट शाखेच्या नव्हे, संपूर्ण कंपनीच्या कामांची होते. त्यामुळे हा आकडा मुख्य कार्यालयाकडून लेखी मागवावा.

पैशाचा हिशेब नफ्यापुरता करून भागत नाही. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम, काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत आणि बँक गॅरंटीसाठी बँकेने अडकवून ठेवलेले मार्जिन, एवढे पैसे बाजूला काढल्यावर, पहिले रनिंग बिल (काम चालू असताना झालेल्या कामापुरते मिळणारे बिल) तीन महिने लांबले तरी मजुरी, सिमेंट आणि डिझेल यांचा खर्च शाखेला झेपेल का, हा खरा प्रश्न आहे. जीएसटी नोंदणी राज्यनिहाय असल्याने कर्नाटकातील स्वतंत्र क्रमांक चालू स्थितीत असावा. शिवाय अडीच लाखांवरील करारांच्या सरकारी बिलांतून जीएसटीपोटी 2 टक्के टीडीएस (बिल देतानाच कापून घेतलेला कर) कापला जातो, तोही रोखीच्या अंदाजात धरावा.

मुदत वाचताना ती पावसाळ्यासह आहे की पावसाळा वगळून, हे शब्द शोधावेत. अथणीकडील कोरड्या भागात या फरकाने फारसे बिघडत नाही. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर खोदकाम आणि रस्त्याचे काम जवळजवळ ठप्प होते. पाऊस ओसरल्यावर चिकोडी-रायबाग पट्ट्यात ऊस तोडणी सुरू होते आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या व मजूर कारखान्यांकडे वळतात. तेव्हाचा वाहतुकीचा दर धरल्याशिवाय मुदत खरी मानू नये.

कार्यालयीन पत्रव्यवहार बव्हंशी कन्नडमध्ये चालतो. आपल्याकडे कन्नड बोलणारे पुष्कळ आहेत, परंतु मोजमाप वहीवरील (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीवरील) आक्षेपाला कन्नडमध्ये मुद्देसूद उत्तर लिहू शकणारा माणूस साइटवर असावा लागतो. नसल्यास त्याचा पगार दरात धरावा.

निर्णय शाखा-व्यवस्थापकाने एकट्याने घेऊ नये, कारण वार्षिक लक्ष्य त्याच्या डोक्यावर असते. तो, मुख्य कार्यालयाचा लेखापाल आणि प्रत्यक्ष काम पाहणारा अभियंता असे तिघे बसले तरी पुरे. पात्रता किंवा रोख यांपैकी एकातही नकार आला की तेथेच थांबावे. बाकीच्या अडचणींचे मोल दरात धरता येते.

खात्याशी ओळख राहावी म्हणून चढ्या दराने निविदा भरून ठेवण्याची प्रथा मात्र मला पटत नाही. इतर निविदा तांत्रिक छाननीत बाद झाल्या, तर नको असलेले काम आपल्याच गळ्यात पडते आणि माघार घेतल्यास बयाणा रक्कम जप्त होते.