परदेशवारीची कॅमेरा बॅग: आधी कागद, मग लेन्स

बॅटऱ्या चार्ज करा, कार्डं रिकामी करा, लेन्स पुसा. हे सांगायला लेख लागत नाही. खान्देशातली काळ्या मातीची धूळ मात्र सेन्सरवर हमखास बसते. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/16 इतकं लहान करून कोऱ्या आभाळाचा फोटो काढा. ठिपके दिसले तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट.

इकॉनॉमीत केबिन बॅगेला बहुधा 7 किलोची मर्यादा असते. एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), 24-70 आणि 70-200 एफ/2.8 या दोन लेन्स मिळून तीन किलोच्या आसपास जातात, म्हणून बॅग रिकामी असतानाच वजन करा. ट्रायपॉड चेक-इनला. शेव आणि काळा मसालाही तिकडेच. मसाल्याची पुडी लेन्सशेजारी ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे 74 वॉट-अवर: चालतं. 30,000 ची 111 होते. 100 च्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. आकडे पुसलेली पॉवर बँक घरीच ठेवा.

खरी गोची कस्टम्सला होते, आणि ती जाताना नाही, येताना. 'ग्रीन चॅनलने (शुल्क भरण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या वाटेने) सरळ बाहेर पडा, कोण विचारतंय' हा सल्ला देणाऱ्याकडे बहुधा कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्सच असते. दोन बॉड्या आणि मोठी टेली (लांबचं टिपणारी लेन्स) दिसली की विचारतात, कारण परदेशात घेतलेल्या वस्तूवर शुल्क लागू शकतं. ती लेन्स जळगावात घेतली की दुबईत, हे अधिकाऱ्याला कसं कळणार? दाखवायचं तुम्हालाच.

त्यासाठी निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू इथूनच नेल्याचा दाखला, घ्या. घरून यादी टाइप करून न्या: वस्तू, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत. दोन प्रती, सोबत बिलांच्या झेरॉक्स. बॉडीचा नंबर सहसा तळाशी असतो, काही मॉडेलांत उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागे. लेन्सचा माउंटजवळ, इतका बारीक की 3 आणि 8 सारखेच दिसतात. मोबाइलने फोटो काढा, मोठा करून वाचा. एक आकडा चुकला तरी कागद त्या लेन्सचा राहत नाही. जुनी लेन्स बिलाशिवाय घेतली असेल तर विकणाऱ्याकडून नंबरासकट पावती लिहून घ्या.

अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहून नंबर जुळवतो. यादीतली लेन्स चेक-इन बॅगेतून पट्ट्यावर गेली, तर ती यादीतून गेलीच. म्हणून चेक-इनआधीच कस्टम्सचं टेबल कुठे आहे ते विचारा आणि उड्डाणाच्या चार तास आधी पोहोचा. भुसावळहून येणाऱ्या गाडीच्या वेळेवर हिशेब बसवू नका. आदल्या गाडीने निघा. मूळ प्रत पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

हा कागद फक्त भारतात परत येताना कामाचा. पैसे घेऊन प्री-वेडिंग शूटला जात असाल तर समोरच्या देशात उपकरणांसाठी एटीए कार्नेट, म्हणजे सामान शुल्काशिवाय तात्पुरतं नेण्याचा कागद, लागू शकतं. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. ड्रोनचे नियम देशागणिक वेगळे. मोरोक्कोला जाताना तो घरी ठेवा, तिथे आणायलाच बंदी आहे.