साक्ष द्यायची आहे? आधी किराणावाल्याची उधारी फेडा

गल्लीत कोणाचं घर ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही तोंड उघडण्याआधीच लोकांचं तुमच्याबद्दल मत झालेलं असतं, आणि ते होतं भिशीचा हप्ता, दुकानातली उधारी आणि शेताचा बांध यांवरून. म्हणून सुरुवात तिथूनच. उधारीच्या वहीत नाव असेल तर आधी खोडून घ्या. भिशी उचलून पुढचे हप्ते रखडवणाऱ्याने देवाच्या विश्वासूपणावर बोलू नये. ऐकणारा मनात हिशेब करत असतो.

मग साक्ष, म्हणजे येशूवर विश्वास कसा बसला याची आपली गोष्ट, लिहून काढा. साधारण 300 शब्द, म्हणजे सावकाश बोललं तर तीन मिनिटं. आधी मन कुठे अडकलं होतं, येशूविषयी काय कळलं, त्यानंतर वागण्यात काय बदललं, एवढंच. बहुतेकांचा पहिला भाग फुगतो: दारूचे किस्से रंगतात आणि ख्रिस्त शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो. निम्मं लिखाण मधल्या भागाला द्या. शेवटी एकच बदल सांगा, पण शेजाऱ्याला पडताळता येईल असा. 'मला शांती मिळाली' हे कोणीही म्हणेल. 'वाटणीवरून भावाशी बंद झालेलं बोलणं मी आपणहून सुरू केलं' हे गावाला दिसतं.

आता त्यातली चर्चची भाषा काढा. 'तारण' म्हटलं की आपल्या बेळगावकडच्या खानापूरच्या शेतकऱ्याला सोसायटीत तारण ठेवलेलं सोनं आठवतं. 'साक्ष' म्हटलं की कोर्ट. त्याऐवजी 'देवाने मला माफ केलं, जवळ घेतलं' असं म्हणा. ऐकणारा वारकरी असेल तर क्षमा आणि नामस्मरण त्याला नवं नाही. तिथून बोलणं सहज पुढे जातं. विठ्ठलाला नावं ठेवलीत की ते तिथेच संपलं. घरात कन्नड बोलणाऱ्यांशी जमेल तेवढं कन्नड बोला, आणि सीमाप्रश्न त्यात आणू नका.

नाताळच्या फराळाचं ताट शेजारी जरूर द्या: करंज्या, चकल्या, शंकरपाळी. त्यात धर्मप्रचाराची पत्रिका मात्र ठेवू नका. दिवाळीला त्यांच्याकडून ताट आलं होतं, त्याची ही परतफेड. कागद ठेवला की करंजीचं आमिष होतं. कायद्याच्या नजरेतही हा फरक मोठा आहे. कर्नाटकाच्या 2022 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरासाठीच्या आमिषाची व्याख्या भेटवस्तू, पैसे, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, लग्नाचं वचन, अगदी दैवी कोपापर्यंत जाते. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं, तरी ही यादी पाठ असलेली बरी. मदत करायची तर अट न घालता करा, आणि त्या दिवशी धर्माचा विषय काढूच नका. लहान मुलांशी आईवडिलांच्या माघारी या विषयावर बोलू नये.

प्रसादाचा प्रश्न येतोच. घ्यावा की नाही यावर आपल्याच मंडळींत दोन मतं आहेत. आपल्या पाळकांना विचारा. घेत नसाल तर हात जोडून तोंडावर सांगा, 'मावशी, राग मानू नका, आमच्यात घेत नाहीत.' माणसं दुखावतात ती घेऊन मागे परड्यात टाकल्यावर, आणि ते कळल्याशिवाय राहत नाही.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर आधी विचारा, 'करू का?' हो म्हटलं तर बसल्या जागी, हळू आवाजात, मिनिटभर. गोळ्या बंद करायला सांगू नका, बरं होण्याची हमी देऊ नका.

प्रत्यक्ष बोलणं बायबलच्या 1 पेत्र 3:15 मधल्या रीतीने: कोणी विचारलं तर सौम्यतेने, मान राखून उत्तर द्यायचं. तीन मिनिटं झाली की थांबा. पुढचा प्रश्न त्याच्याकडून येऊ द्या. त्याने ऊसतोडीचा विषय काढला, तर ऊसतोडीवर बोला.