घरी ओतलेल्या गोळ्यांची नेमकेपणाची चाचणी कशी घ्यावी

पाच गोळ्यांचा एक सुरेख ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) पडला की माणूस तो कागद जपून ठेवतो, चार जणांना दाखवतो. वाईट पडलेला कागद मात्र रेंजवरच चुरगळला जातो. घरी शिसं वितळवून ओतलेल्या गोळ्यांबद्दलची निम्मी मतं अशा जपून ठेवलेल्या कागदांवर उभी असतात. म्हणून चाचणीचा आराखडाच असा हवा, की आपल्याला आवडणारं उत्तर आपोआप निघणार नाही.

हा लेख .२५ एसीपी, .३२ एसीपी, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग अशी काडतुसं वापरणाऱ्या लहान कॅलिबरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरता आहे. शस्त्राचा परवाना, काडतुसं भरण्याची परवानगी आणि मान्यताप्राप्त रेंज या गोष्टी आपल्याकडे आहेत, गोळ्या ओतायचा हातही बसलेला आहे, असं धरून चालतो. पावडर (काडतुसातली दारू) किती घालायची, हे इथे सापडणार नाही. ते पावडर बनवणाऱ्या कंपनीने शिशाच्या गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचं. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीचा आकडा उचलून शिशाच्या गोळीला लावायचा नाही.

१. आधी नळी मोजा

ओतीव गोळीचा नेमकेपणा सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असेल, तर तिच्या व्यासावर. मिश्रधातू, ल्युब (गोळीला लावायचं वंगण), पावडर हे सगळं त्यानंतर. गोळी नळीच्या खाचांपेक्षा (आतल्या पीळदार खोबणींपेक्षा) बारीक असली, तर तापलेला गॅस तिच्या कडेने पुढे घुसतो, शिसं कापत जातो आणि ते शिसं नळीला लेपासारखं बसतं. मग दर फैरीगणिक नळी वेगळी होत जाते, आणि मोजायला स्थिर असं काही उरतच नाही.

शस्त्र रिकामं करा आणि पुन्हा एकदा तपासा. नळीला आतून तेलाचा हात द्या. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा तोंडाकडून लाकडी हातोडीने हलकेच ठोकून आत बसवा आणि पितळी किंवा लाकडी काडीने सावकाश पलीकडे ढकला. ढकलताना हाताकडे लक्ष ठेवा. सगळीकडे सारखाच जोर लागायला हवा. मध्येच तुकडा सैल सुटला तर तिथे नळी रुंद आहे. शेवटाला एकदम अडला तर तिथे ती आवळलेली आहे. बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचे उंचवटे उमटलेले असतात. समोरासमोरचे दोन उंचवटे मायक्रोमीटरने मोजा. व्हर्निअर इथे पुरत नाही, कारण आपला सगळा खेळ मिलिमीटरच्या शतांशांत आहे. स्मिथ अँड वेसनच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरना पाच खाचा असतात. विषम संख्येमुळे उंचवट्यासमोर उंचवटा येत नाही आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. त्यासाठी व्ही आकाराच्या पाट्याचा मायक्रोमीटर लागतो.

खाचांचा व्यास ७.९२ मिमी भरला, तर गोळी साधारण ७.९५ ते ७.९७ मिमी हवी. जुन्या .३२ शस्त्रांत प्रत्यक्ष माप छापील मापापासून बरंच ढळलेलं असतं, त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यावर विसंबू नका.

रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरच्या प्रत्येक खणाचं पुढचं तोंडही तपासा. आपली गोळी तिथे बोटाने हलकंसं दाबल्यावर सरकायला हवी. आपसूक पडली तर ती बारीक आहे. अडून बसली, तर सिलिंडरच तिला दाबून बारीक करणार आणि मग ती नळीत सैल जाणार. नळीपेक्षा सिलिंडरचं तोंड लहान असेल, तर गोळ्या बदलून काही साधत नाही. ते काम बंदूक-कारागिराचं.

२. गोळ्या निवडा, पण नको तिथे चिकित्सा करू नका

एका बैठकीत, एकाच मिश्रधातूतून ओतलेल्या गोळ्या एकत्र ठेवा. अँटिमनी असलेलं शिसं ओतल्यानंतरही काही दिवस कडक होत जातं. त्यामुळे कालची गोळी आणि महिन्याभरापूर्वीची गोळी यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या धातूंची तुलना. दोनेक आठवडे तसंच पडू द्या आणि तुलना करायचे दोन्ही गट सारख्याच वयाचे घ्या.

भिंगाखाली आधी बूड बघा. अमेरिकेतले डॉ. फ्रँकलिन मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळ्यांची नाकं आणि बुडं मुद्दाम बिघडवून प्रयोग केले होते. नाक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी सरळ गेल्या, बूड बिघडलेल्या मात्र भरकटल्या. कारण नळीतून सुटताना शेवटचा धक्का बुडाला बसतो. बुडाची कड एका बाजूने गोल झालेली असली, तर गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलंडतच बाहेर पडते. म्हणून नाकावर बारीक सुरकुती असलेली गोळी मी सरावाला ठेवतो, पण बुडाची कड भरलेली नसेल तर थेट वितळवायच्या डब्यात.

मग वजन. १०० ग्रेनची गोळी म्हणजे ६.४८ ग्रॅम. ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि गोळ्या वजनाच्या क्रमाने टेबलावर मांडा. बहुतेक गोळ्यांचा मध्ये एक ढीग जमेल. ढिगापासून सुटून पडलेल्या हलक्या गोळ्यांच्या पोटात बहुधा हवेची पोकळी असते. ती नेमकी मध्यावर नसली, तर गोळी एका अंगाने जड झालेल्या भोवऱ्यासारखी डुलत जाते. तेवढ्या हलक्या गोळ्या काढल्या की पुरे. २५ मीटरवरच्या पिस्तुलासाठी अर्ध्या-अर्ध्या ग्रेनचे गट पाडत बसणं हा माझ्या मते नुसता विरंगुळा आहे. तुम्हाला तसं वाटत नसेल तर नापास गोळ्या फेकू नका. नळीत अडकण्याजोगा दोष नसलेल्या गोळ्या वेगळ्या भरा आणि पास झालेल्यांसमोर उतरवा. निवडण्यात घालवलेला वेळ सार्थकी लागतो का, याचं उत्तर कागदावर मिळेल.

३. भरलेलं एक काडतूस उघडून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. साइझरमधून (गोळीला नेमका व्यास देणाऱ्या साधनातून) गोळी ७.९६ मिमीची निघाली, ती केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) बसली, वर क्रिम्प मारला, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळलं. पण आता ती किती मिमीची आहे? केसचं तोंड पुरेसं फाकवलेलं नसेल तर पितळ मऊ शिशाला आवळतं. काही क्रिम्प डाय तर सगळ्या काडतुसालाच बाहेरून दाबून काढतात. हातोडीसारखा पुलर वापरून एक गोळी काढा आणि बूड मोजा. आत जाताना ७.९६ असलेली गोळी ७.९१ होऊन बाहेर आली, तर साच्याला आणि ल्युबला दोष देण्यात अर्थ नाही. गोळी भरतानाच बिघडली.

वॉडकटर, म्हणजे सपाट नाकाची नेमबाजीची गोळी, केसमध्ये खोल बसते. ती आणखी खोल बसवली की आतली जागा कमी होऊन दाब चढतो, म्हणून तक्त्यातली लांबी मोडू नका. पोकळ बुडाच्या वॉडकटरला तर जास्त दाब चालतच नाही. तिची पातळ कड फाटून नळीतच राहू शकते.

४. रेंजवर

इथे एक हिशोब आधी समजून घ्यायला हवा. नेमबाजाची चूक आणि गोळीची चूक एकमेकींत सरळ मिळवली जात नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. तुमच्या हाताचा फैलाव ४० मिमी आणि गोळीचा ३० मिमी असेल, तर कागदावर ५० मिमी दिसतात. आता गोळी एक तृतीयांशाने सुधारून २० मिमीवर आणली, तरी कागदावर जेमतेम ४५ दिसतील. एवढी मोठी सुधारणा हाताच्या थरथरीत बुडून जाते. म्हणून उभं राहून, एका हाताने या चाचण्या होत नाहीत.

बसा. दोन्ही हात वाळूच्या पिशव्यांवर टेका. नळी मात्र कशालाही टेकू देऊ नका, नाहीतर मारा सरकतो. दर वेळी पकड तीच आणि पिशवीवरची जागाही तीच. यांत्रिक रेस्ट (शस्त्र घट्ट धरणारा स्टँड) मिळाला तर उत्तमच, पण त्यात शस्त्र नीट बसेपर्यंतच्या पहिल्या काही फैरी धरायच्या नाहीत. अंतर २५ मीटर ठेवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या २५ मीटर प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं, त्यामुळे आपल्या गोळीची लायकी त्याच कागदावर चटकन लक्षात येते.

आधी तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या झाडल्या असतील तर नळीतलं तांबं काढून टाका. स्वच्छ नळीतल्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. त्या वेगळ्या कागदावर झाडा.

मग क्रम. तुलना करायच्या दोन प्रकारांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. ‘अ’ गोळ्यांचे सगळे ग्रुप आधी आणि ‘ब’चे नंतर असं केलं, तर ‘ब’ला थकलेला हात, बदललेला प्रकाश आणि घाणलेली नळी मिळते. पाच ‘अ’, पाच ‘ब’, पुन्हा पाच ‘अ’ असं आलटून पालटून घ्या. त्यात एखादी तरी फेरी चांगल्या कारखानी मॅच (स्पर्धेसाठीच्या) काडतुसांची असू द्या. तीही पसरली तर खोट गोळीत नाही, शस्त्रात किंवा तुमच्यात आहे. सोबत कुणी असेल तर काडतुसं त्याच्या हातून घ्या आणि ‘अ’ कुठली, ‘ब’ कुठली हे त्यालाच माहीत असू द्या. आवडत्या गोळीला आपण नकळत जास्त सांभाळून ट्रिगर दाबतो.

एखादी फैर बिघडली असं वाटलं, तर दुर्बिणीतून पाहायच्या आधी बोलून टाका. आधी बोललेली चूक वगळता येते. छिद्र बाहेर दिसल्यावर सुचलेली सबब वगळता येत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये एकच गोळी पुन:पुन्हा बाहेर पडत असेल, तर खणांवर खुणा करून प्रत्येक खणाचा वेगळा कागद लावा. कित्येकदा पाच खण एका जागी आणि सहावा वेगळ्या जागी मारतो.

एक गोष्ट मात्र चाचणी मध्येच मोडूनही पाळायची. आवाज दबका आला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबा. पुढची फैर झाडू नका. शस्त्र रिकामं करून नळीत काडी घालून बघा. हलक्या भरणीत गोळी नळीत अडकण्याचा धोका असतो, आणि तिच्यामागून दुसरी सुटली की नळी फुटते. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही, हे वेगळं सांगायला नको.

५. कागद मोजा

सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर मोजायची पद्धत सोपी आहे, पण ती फक्त दोनच गोळ्यांचं ऐकते. शिवाय गोळ्या वाढवल्या की हे अंतरही वाढतं. दहा गोळ्यांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव पटीने मोठा येतो आणि तीन गोळ्यांचा त्याहून लहान. तीन गोळ्यांचे ग्रुप का मिरवले जातात, ते यावरून कळावं.

त्याहून बरी पद्धत म्हणजे सरासरी त्रिज्या. कागदाच्या डाव्या आणि खालच्या कडेपासून प्रत्येक छिद्राचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्हींच्या सरासरीवरून ग्रुपचा मध्य काढा, मग प्रत्येक छिद्र त्या मध्यापासून किती दूर आहे ते काढून त्याची सरासरी घ्या. स्प्रेडशीटमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि प्रत्येक गोळीचं मत मोजलं जातं.

किती गोळ्या पुरेत? काहीही न बदलता झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपांत एक ४० मिमीचा आणि दुसरा ६० मिमीचा येणं अगदी नेहमीचं आहे. एकेका ग्रुपवरून ‘अ’ला जिंकवणं म्हणजे नाणेफेक. प्रत्येक प्रकाराच्या निदान पंचवीस गोळ्या, पाच-पाचच्या पाच ग्रुपांत झाडा. एवढं करूनही दहा टक्क्यांचा फरक योगायोगाचा असू शकतो. तीस टक्क्यांच्या आसपासचा फरक मात्र गंभीरपणे घ्यावा.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर जोडीला ठेवा, पण वेगातल्या फरकाने हबकून जाऊ नका. सेकंदाला २३० मीटरऐवजी २४० मीटरने गेलेली गोळी २५ मीटरपर्यंत फक्त पाचेक मिलिमीटर कमी खाली येते. उलट पिस्तुलात हळू गोळी बरेचदा वर लागते, कारण ती नळीत असेपर्यंत धक्क्याने तोंड जास्त उचललेलं असतं.

६. खुणा वाचा आणि एकच गोष्ट बदला

छिद्रं लांबट दिसली तर गोळी आडवी होत चालली आहे. बहुतेक वेळा ती बारीक असते. नळीत शिसं कुठे बसलं तेही बघा. सुरुवातीलाच, सिलिंडरच्या बाजूला बसलं असेल तर संशय व्यासावर. तोंडाकडे बसलं असेल तर ल्युब वाटेतच संपलं. तोंडाभोवती ल्युबची पातळ, तेलकट चांदणी उमटणं हे चांगलं लक्षण.

बदल करायचा क्रम माझा ठरलेला आहे : आधी व्यास, मग कडकपणा, मग ल्युब आणि शेवटी तक्त्याच्या मर्यादेत पावडर. कडक गोळी म्हणजे चांगली गोळी, हा समज फार घट्ट आहे. ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर शुद्ध शिसं साधारण ५ आणि छापखान्याचं लिनोटाइप शिसं सुमारे २२ भरतं. .३२ लाँग वॉडकटरच्या कमी दाबाला ८ ते १२ पुष्कळ झालं. फार कडक गोळी अशा दाबाला फुलून नळीला चिकटत नाही आणि गॅसला वाट मोकळी राहते.

कागदावर तारीख, मिश्रधातू, काडतूस उघडून मोजलेला व्यास, ल्युब, पावडरचं नाव आणि वजन, अंतर, नळी शेवटची कधी साफ केली, एवढं तिथल्या तिथे लिहा. पंचवीस-पंचवीस गोळ्यांनंतरही दोन प्रकारांत फरक दिसला नाही, तर साच्यातून सहज सुटणारा प्रकार ठेवा आणि दुसरा वितळवा.