वृद्धनिगा केंद्रात राहणाऱ्या आपल्या माणसाचे हक्क आणि मान कसे जपावेत

केंद्र निवडताना आपण चकचकीत फरशी, बाग, खोलीचा आकार पाहतो. तिथे राहणाऱ्याचा दिवस मात्र भलत्याच गोष्टींवर चांगला किंवा वाईट जातो. आंघोळ कधी आणि कोण घालणार, दार वाजवून आत येणार की नाही, रात्री घंटी दाबल्यावर किती वेळात माणूस येणार. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली वृद्धांसाठी जी तत्त्वं मंजूर केली, त्यांत संस्थेत राहणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांची प्रतिष्ठा, श्रद्धा आणि खासगीपणा राखला जावा, शिवाय स्वतःच्या निगेबद्दलचे निर्णय त्यांना घेता यावेत, असं त्यात म्हटलं आहे. हे रोजच्या वागण्यात उतरवून घेणं बरंचसं आपल्याच हातात असतं.

१. एक पानभर माहिती लिहून द्या
ही माहिती त्यांच्याशी बोलून लिहा, त्यांच्या वतीने नव्हे. हाक कशी मारलेली आवडते? सरसकट सगळ्यांना ‘आजी’ म्हटलं जातं. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंना ते रुचेलच असं नाही. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, कवळी रात्री कुठे ठेवतात, उजेडात झोप लागते का, अंग पुसायला बाईमाणूसच हवं का, हेही लिहा. एक प्रत फाइलमध्ये लावा, एक पलंगाजवळ. कामाची पाळी बदलली की तोंडी सांगितलेलं सगळं हवेत विरतं.

२. सही करण्याआधी करारपत्र वाचा
ठरलेल्या रकमेत काय येतं आणि कशाचे पैसे वेगळे लागतात, अनामत केव्हा परत मिळते, जागा सोडायला सांगायची तर किती दिवस आधी कळवणार, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं लेखी हवं. ‘ते आपण बघून घेऊ’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

३. निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्या
पैसे मुलगा भरतो म्हणून सगळे निर्णय त्याचे होत नाहीत. स्मृतिभ्रंश झाला तरी एका दिवसात सगळी समज जात नाही. बँकेचा व्यवहार झेपत नसेल, पण आज काय घालायचं हे नक्की सांगता येतं. ‘काय घालता?’ असं मोघम विचारण्यापेक्षा दोन कपडे समोर धरा आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो. घाई आपल्याला असते, त्यांना नाही. पुढे त्यांच्या वतीने कोणी बोलावं याची कागदपत्रं मात्र समज शाबूत असतानाच करून घ्या. साधं मुखत्यारपत्र बऱ्याच ठिकाणी समज गेल्यावर लागू राहत नाही, म्हणून वकिलाला हे आधी विचारा.

४. वेळ न ठरवता भेटायला जा
दर रविवारी अकराला गेलात तर रविवारी अकराचंच केंद्र दिसेल. कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी उशिरा जा. पाण्याचा पेला आणि घंटी हाताला येतात का ते पाहा. पेला नुसता टेबलावर असून भागत नाही. चष्मा पुसलेला आहे का, कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का? यंत्र बंद असलेला माणूस ‘हल्ली बोलतच नाही’ असा ठरतो. त्यांची परवानगी घेऊन टाचा आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का बघा. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, सुरुवात तिथून होते. वजनाची नोंद मागा. महिन्याभरात पाच टक्के वजन उतरलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर ‘वयच झालं आता’ ऐकून परतू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध हेही कारण असू शकतं.

५. बांधणं आणि गुंगी, दोन्हींबद्दल विचारा
हात बांधणं सगळ्यांना खटकतं. उठता येऊ नये म्हणून खुर्चीपुढे टेबल अडकवणं, पलंगाचे कठडे वर ठेवणं, ‘शांत राहावेत’ म्हणून गोळी देणं, हे मात्र काळजी म्हणून खपून जातं. कठडे ओलांडायला गेलेला माणूस आणखी उंचावरून पडतो. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला होता. म्हणून विचारा: हे कोणी लिहून दिलं, कशासाठी, किती दिवस, आणि त्याआधी दुसरं काय करून पाहिलं?

६. तक्रार लेखी करा
तारीख, वेळ, काय दिसलं, कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. दोन्ही दंडांवर बोटांसारखे वळ दिसले तर फोटो काढा. संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात काही ना काही गैरवर्तन केल्याचं स्वतःच मान्य केलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या मोठ्या प्रमाणात घडणाऱ्या गोष्टीचं खापर एकट्या मावशींवर फोडून भागणार नाही. रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती माणसं असतात, हेही व्यवस्थापकांना विचारा. पोच घ्या, उत्तराची मुदत ठरवा, उत्तर आलं नाही तर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जा. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा पैशांची लूट असेल तर थेट पोलिसांत जा.

तक्रारीचा राग आपल्या माणसावर निघेल ही भीती खरी असते, आणि पुष्कळ घरं त्यापायी गप्प बसतात. तक्रारीनंतरचे काही आठवडे भेटी वाढवा, नातेवाइकांनी आळीपाळीने जा, आणि प्रत्येक वेळी थोडा वेळ तरी कर्मचारी नसताना त्यांच्याशी बोला.