कोळशाचा बॉयलर घरात आणण्याआधी

पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत आम्ही घर घेतलं, तेव्हा तळघराच्या एका कोपऱ्यात फळ्यांनी अडवलेली रिकामी जागा होती आणि वर भिंतीत एक लोखंडी झडप. शेजारचे आजोबा म्हणाले, ती कोळशाची खोली. पूर्वी त्या झडपेतून गाडीची पन्हळ आत यायची. त्यांचे वडील खाणीत होते. इथल्या जुन्या घरांत ही जागा अजून सापडते. आम्ही दोन हिवाळे घर तापवायच्या तेलावर काढले आणि मग ती खोली पुन्हा भरली.

आता ओळखीतलं कुणी नवीन घर घेतलं की विचारतं, कोणता स्टोकर, म्हणजे आपोआप कोळसा टाकून घेणारा बॉयलर, घेऊ? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. यंत्र निवडायला एक दुपार पुरते, बाकीच्या तयारीला अख्खा उन्हाळा लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्येच कामाला लागा.

सगळ्यात आधी हे घरात आणायचंच का, ते ठरवा. दारात गॅसची लाइन असेल तर कोळशाच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्याच उष्णतेसाठी अँथ्रासाइटमधून, म्हणजे इथल्या कठीण कोळशातून, गॅसच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, शिवाय रोजची राख आलीच. घर नीट बंदिस्त असेल तर हीट पंपाचाही भाव काढा. पण गॅस नाही, घर जुनं, खोल्याखोल्यांत लोखंडी रेडिएटर, तेलाची टाकी महिन्या-दीड महिन्यात रिकामी होते आणि कोळशाचा ब्रेकर, म्हणजे खाणीतला कोळसा फोडून-चाळून विकणारा कारखाना, गाडीने अर्ध्या तासावर आहे, असं असेल तर पुढे वाचा.

मग घराची भूक मोजा. जुन्या बॉयलरवर किती बीटीयू (उष्णतेचं इथलं माप) लिहिलंय ते बघून तेवढाच नवा घेणं ही नेहमीची चूक, कारण जुने बॉयलर बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात. हिवाळ्यातला सगळ्यात थंड दिवस धरा आणि तेलाचा बर्नर चोवीस तासांत एकूण किती तास चालला ते नोंदवा. समजा बर्नरचं नोझल ताशी १ गॅलन तेल सोडतं. एका गॅलनमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू असतात, त्यातले ८० टक्के पाण्यात उतरले तर ताशी १ लाख १० हजार मिळाले. बर्नर दिवसात १० तास चालला असेल, तर घराची खरी गरज ताशी ४६ हजारांच्या आसपास. त्यावर थोडी वाढ धरा, दुप्पट नको. हंगाम चालू असताना स्टोकरची आग कधीच पूर्ण विझवायची नसते. उष्णता नको असते तेव्हाही टायमर दर थोड्या वेळाने पंखा आणि कोळसा चालू करून निखारा जिवंत ठेवतो. बॉयलर गरजेपेक्षा फार मोठा असेल तर ऑक्टोबर आणि एप्रिलच्या उबदार दिवसांत तो नुसता टायमरवर कोळसा खात बसतो, नाहीतर आग विझते.

वर्षाचा कोळसा काढायला सोपा हिशोब आहे. २,००० पौंडांच्या एका टनात साधारण अडीच कोटी बीटीयू, म्हणजे जवळपास १८० गॅलन तेल. वर्षाला ९०० गॅलन जळत असतील तर ५ टन धरा. एका टनाला ३८ ते ४० घनफूट जागा लागते. म्हणजे ८ बाय ६ फुटांची खोली सव्वाचार फूट भरली की पाचही टन मावतात. मोकळा कोळसा साठवायला जागा नसेल तर ४० पौंडांच्या पिशव्या मिळतात, टनाला ५०. त्या महाग पडतात, आणि तळघराचा जिना पन्नास वेळा उतरायला कंबर कुणाची आहे तेही बघा.

कोळशाचा आकार यंत्राच्याही आधी ठरतो, कारण तुमच्या भागात कायम काय मिळतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. राइस नावाचा माल तांदळाएवढा नसतो, दाणा ५ ते ८ मिलिमीटरचा, आपल्या हरभऱ्याएवढा. त्याहून मोठा बकव्हीट, त्याच्यावर पी, म्हणजे नाव मटारचं पण खडा चांगल्या बोराएवढा. बहुतेक स्टोकर राइस किंवा बकव्हीटवर चालतात. दोन-तीन ब्रेकरवरून थोड्या पिशव्या आणा, मूठभर हातात घेऊन बघा. भुकटी जास्त असेल, माल ओला असेल तर यंत्राच्या नळीत अडकतो. धूळ बसावी म्हणून वरून तेलाचा हलका फवारा मारून देतात का, तेही विचारा. आणि तो अँथ्रासाइटच आहे याची खात्री करा. बिट्युमिनस, म्हणजे धूर करणारा मऊ कोळसा, या यंत्रांसाठी नाही.

अँथ्रासाइट हट्टी असतो. सहज पेटत नाही, भाता लागतो असाच समज होता. जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ ला इथेच विल्क्स-बॅरीत आपल्या खाणावळीत उघड्या जाळीवर तो भात्याशिवाय जाळून दाखवला, आणि घरोघरी हा कोळसा जाऊ लागला. तो धूर जवळजवळ करत नाही, वर नुसत्या निळ्या ज्वाळा नाचतात. ते दृश्य मला अजूनही आवडतं. पण निर्धूर म्हणजे निर्धोक नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्याकडे आजीने सांगितलेलं असतं. कारण तेच, कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही.

म्हणून चिमणीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. कोळशाच्या बॉयलरला स्वतःची वेगळी चिमणी हवी. त्यात गॅसचा किंवा तेलाचा पाइप सोडायचा नाही. गॅससाठीचा दुपदरी पातळ पाइप इथे मुळीच चालत नाही. आत मातीच्या नळ्यांचं अस्तर असेल तर ते कुठे तडकलंय का, हे कॅमेरा घालून तपासून घ्या. चिमणीची ओढ, म्हणजे धूर वर खेचायची ताकद, मीटरने मोजतात, पाण्याच्या इंचात. आकडा अगदी छोटा असतो, एका इंचाच्या शंभरातले तीन-चार भाग, पण घराचा जीव त्यावर टांगलेला असतो. किती हवी ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ओढ कमी-जास्त होऊ नये म्हणून पाइपवर आपोआप उघडणारी झडप, बॅरोमेट्रिक डँपर, बसवून घ्या. पाइपचं आडवं अंतर जेवढं कमी तेवढं बरं.

हे इतकं लिहितोय त्याला कारण आहे. दुसऱ्या फेब्रुवारीत रात्री दोन वाजता आमचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मुलांना उचलून बाहेर बर्फात आलो. फायर ब्रिगेडच्या माणसाने पाइप काढून दाखवला: आडव्या भागात बारीक उडती राख बोटभर जागा सोडून भरली होती. डिसेंबरात साफ करायचं मी टाळलं होतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा पाइप उघडतो. अलार्म तळघरात एक आणि झोपायच्या प्रत्येक मजल्यावर एक, बॅटरीचा आधार असलेले. हे विकत आणून लावल्याशिवाय पहिली काडी ओढू नका.

आता यंत्र. ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. सपाट जाळीच्या स्टोकरमध्ये, कीस्टोकरचे बरेच बॉयलर असे आहेत, वरच्या डब्यातून राइस कोळसा खाली येतो, एक सरकपट्टी तो हळूहळू छिद्रांच्या जाळीवर ढकलते, खालून पंखा वारा देतो आणि जळून झालेली राख पलीकडच्या टोकावरून राखेच्या डब्यात पडते. साधं, समजायला सोपं, पण वरचा डबा हाताने भरावा लागतो. ईएफएम ५२० सारख्यात लांब स्क्रू थेट खोलीतून कोळसा ओढतो आणि गोल भांड्यात खालून वर सारतो, राख कडेवरून ओसंडते. खोली भरली की कोळसा उचलायचं कामच उरत नाही. तिसरा अ‍ॅक्समन-अँडरसनचा अँथ्राट्यूब: उभ्या नळीत आग, भोवती पाणी, आणि हवा ढकलण्याऐवजी ओढणारा पंखा. कोल्हापूरच्या घरी आमचा तांब्याचा बंब होता, मधे जाळ आणि भोवती पाणी. हे यंत्र पाहिल्याबरोबर मला तोच आठवला. हा पी किंवा बकव्हीटवर चालतो. शंभर टक्के खात्रीने कुठलाच श्रेष्ठ म्हणता येणार नाही, पण माझं मत विचाराल तर ज्याचे सुटे भाग तासाभराच्या अंतरात मिळतात आणि ज्याला हात लावणारा मेकॅनिक गावात आहे, तोच घ्या. जुना घेत असाल तर पाणी भरून दाब देऊन गळती तपासल्याखेरीज पैसे देऊ नका.

गरम पाण्याची कॉइल बॉयलरमध्येच घ्यायची असेल तर नळाला थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, नाहीतर मुलांचे हात भाजतील. ३० पौंड दाबाला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप जमिनीपर्यंत, हे प्लंबरकडून डोळ्यांदेखत करून घ्या. परवाना आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर काम सुरू व्हायच्या आत हातात असू द्या.

राखेचा विचार लोक करत नाहीत. कोळशाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के राख उरते; पाच टनांमागे हजार ते दीड हजार पौंड. झाकणाचे पत्र्याचे दोन-तीन डबे, लाकडी डेकपासून लांब ठेवलेले. कचऱ्याची गाडी ही राख घेते का, आधी विचारा. आजोबा ती बर्फाळ पायवाटेवर टाकतात, पाय घसरत नाही. आपल्याकडच्या चुलीच्या राखेसारखी मात्र समजू नका, भाजीच्या वाफ्यात नको.

वीज गेली की पंखा थांबतो आणि काही तासांत आग विझते. छोटा जनरेटर ठेवा, आणि जागा व दुसरी चिमणी असेल तर जुना तेलाचा बॉयलर काढून टाकू नका. उन्हाळ्यात बंद ठेवणार असाल तर बंद केल्याच्याच आठवड्यात सगळी राख खरवडून काढा. तिच्यातलं गंधक दमट हवेत आम्ल होतं आणि पत्रा खातं.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांची. मी जानेवारीत कोल्हापूरला गेलो की बॉयलर बायको सांभाळते, म्हणून विकत घेण्याआधी ती माझ्याबरोबर ओळखीच्या घरी जाऊन राख काढून, आग पेटवून आली. आमच्या बॉयलरशेजारी तिच्या अक्षरात मराठीत कागद चिकटवलाय: राख सकाळी. खोलीतला कोळसा पिवळ्या रेघेखाली गेला की फोन. अलार्म वाजला तर काही न बघता आधी बाहेर.