आधी तिथी बघा, मग कॅमेरा

किनाऱ्यावर पक्षी-प्राणी बघायला निघायचं असेल तर आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनवेला आणि अवसेला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या. तिथून साधारण सहा तासांवर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. त्यामुळे पुनवे-अवसेच्या आसपास उजाडताना पाणी पार खाली गेलेलं असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ते एरवीपेक्षा लांब ओसरतं. खडपांवरचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरचे, जीव बघायचे तर हेच दिवस धरा; अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तेवढा खडक उघडा पडतच नाही. वेळ जागेनुसार मागेपुढे होते, म्हणून कालवं काढायला जाणाऱ्या गावातल्या काकूंना विचारून घ्या. परत फिरायची वेळही तेव्हाच ठरवा. पाणी वळलं की खडपांमधल्या घळी आपल्या पाठीमागे आधी भरतात. मी एकदा डबक्यातल्या समुद्रफुलाचे फोटो काढत राहिलो आणि बॅग डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून परतलो. आता मोबाइलवर गजर लावल्याशिवाय खडपावर पाऊल ठेवत नाही.

सकाळ निवडायला आणखी एक कारण आहे. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी येतं आणि पुळणीवरच्या (वाळूच्या किनाऱ्यावरच्या) तुतारी, चिखल्या, कुरव यांच्या पिसांचा रंग खरा दिसतो. संध्याकाळी तेच पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या होतात. ऑक्टोबर ते मार्च हे पाहुणे इथे असतात. थव्याकडे सरळ चालत जाऊ नका. लांबच खाली बसा, त्यांना चरत चरत जवळ येऊ द्या. साधा मोबाइल असला तरी बसून काढलेला फोटो उभ्याने काढलेल्यापेक्षा चांगला येतो.

पायात चप्पल नको. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि शेवाळावर पाय टिकत नाही, त्यामुळे रबरी तळाचे जुने बूट घाला. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, सीतेची आसवं ही रानफुलं बघायला जाणार असाल तर घोटा झाकणारे बूट हवेतच. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं हा साप असतो, मातीच्याच रंगाचा, जेमतेम हात-दीड हात लांब आणि अतिशय विषारी. दगडाखाली किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालू नका, एकटे जाऊ नका, आणि १०८ क्रमांक सोबत्यालाही माहीत असू द्या. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती, बोटभर उंचीची. गुडघे टेकण्याआधी खाली काय फुललंय ते बघा.

पिशवीत पाणी, टोपी, दोन मऊ फडकी आणि कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी. खारा वारा दिसत नाही, पण काचेवर बसतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसा, मग कोरड्या फडक्याने. पावसाळ्यात तो कपाटात कोंडला तर लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास-आंजर्ल्याकडे कासवांची पिल्लं बघायला जाणार असाल तर फ्लॅश घरूनच बंद करून निघा. वेळासला २००२ पासून घरटी राखली जाताहेत. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, आपल्या टॉर्चमागे लागली तर समुद्राची वाट चुकतात. समुद्रगरुडाचं घरटं सापडलं तर त्याची जागा कुणाला पाठवू नका, मोबाइलमधलं लोकेशनही बंद ठेवा. खडपातला दगड उलटवलात तर होता तसा परत ठेवा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरातही मरतात. प्रवाळ, समुद्रकाकडी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

शेवटी खिशात लहान वही आणि शिसपेन्सिल ठेवा, ओल्या कागदावर पेन उठत नाही. फोटोचा नंबर, तिथी, पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं तिथेच लिहा.