जुनी गाडी: दुरुस्त करायची की काढून टाकायची?

आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. क्लच प्लेट, शॉकॲब्सॉर्बर, बुश (सांध्यांतली रबरं) झिजायचेच. त्यापायी गाडी विकू नये. पण चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा बिस्किटासारखा तुटला, तर एक रुपयाही घालू नका. कोकणच्या खाऱ्या हवेत हे फार होतं, वरून रंग मात्र चकाचक!

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उघडा. भसाभसा धूर आला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाखाली दुधाच्या चहासारखा थर आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) घटतंय, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलवर.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाका. 15 वर्षं होत आली असतील तर आरसीचं (नोंदणीचं) 5 वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण करही त्यातच धरा.